घरात एक जण जास्त

नंदकुमार सामंत संध्याकाळी सातला घरी आले, तेव्हा टीव्हीच्या वरच्या फळीवरचा लाल आकडा चार दाखवत होता. त्यांनी चपला काढल्या, बॅग खुंटीला अडकवली आणि घरातली माणसं मोजली. सोफ्यावर सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसलेली बायको सुचित्रा, एक. आतल्या खोलीत अभ्यास करतेय असं सांगून रेडिओ ऐकणारी मुलगी सई, दोन. आपण स्वतः, तीन.

"कोण आलंय?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"कुठे कोण?"

"मग बाथरूममध्ये कोण आहे?"

"बाथरूममध्ये बादली आहे," सुचित्रा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाली.

सामंतांनी तरीही बाथरूम पाहिलं. मग माळा पाहिला, कपाटामागे पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. तिथे सईची गेल्या वर्षी हरवलेली कंपासपेटी सापडली, पण माणूस सापडला नाही.

"मशीन बिघडलं असेल तुमचं," सुचित्रा म्हणाली, आणि हे वाक्य सामंतांना फार लागलं.

लागायला कारण होतं. सामंत बेलापूरला एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेचे हेडक्लार्क होते आणि गेली एकोणीस वर्षं हजेरीचं मस्टर त्यांच्या ताब्यात होतं. मस्टरवर सही ठोकायची, खुर्चीच्या पाठीला स्वेटर अडकवायचा आणि पसार व्हायचं, अशा लोकांना पकडण्यात त्यांची उमेद खर्ची पडली होती. सही आहे पण माणूस नाही, हे पाहून पाहून त्यांचा मनुष्यजातीवरचा विश्वास उडाला होता. कोणी वाकून नमस्कार केला तरी, आज हा नमस्कार का करतोय, हा प्रश्न त्यांना आधी पडे. चूक कधी आपोआप होत नाही, चुकीमागे माणूस असतो, हे त्यांचं मत. आणि मस्टरमध्ये खाडाखोड करायची नाही, हा त्यांचा धर्म.

माणसांवरचा उडालेला विश्वास कुठेतरी ठेवायला हवा, म्हणून त्यांनी तो इलेक्ट्रॉनिक्सवर ठेवला. दादरला रविवारचा सहा महिन्यांचा क्लास केला, लॅमिंग्टन रोडच्या खेपा घालून सेन्सर, रिले आणि कसकसले आय.सी. आणले, आणि सत्त्याण्णवच्या गणपतीत नेरूळच्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मशीन बसवलं. मशीनचं काम तसं साधं होतं. दाराच्या चौकटीत, कमरेच्या उंचीवर, न दिसणाऱ्या किरणांच्या दोन रेषा होत्या. एक बाहेरच्या अंगाला आणि तिच्यापासून चार बोटांवर दुसरी आतल्या अंगाला. आधी बाहेरची रेषा तुटली आणि मग आतली, की माणूस आत आलं. आकडा एकाने चढायचा. उलट झालं की माणूस बाहेर गेलं. आकडा एकाने उतरायचा. शून्य झालं की घर रिकामं, म्हणून हॉलचा दिवा, पंखा आणि टीव्ही आपोआप बंद.

"घराचं मस्टर," सामंत ज्याला त्याला सांगत.

सुरुवातीला काही बारीकसारीक भानगडी झाल्या. लाइट गेली की मशीन सगळं विसरून शून्यावर यायचं. अशाच एका सकाळी लाइट जाऊन परत आल्यावर सामंत दूध आणायला बाहेर पडले, तर शून्याच्या खाली उतरायला जागा नसल्यामुळे मशीनने सरळ नऊ दाखवले आणि मागे दिवा, पंखा, टीव्ही सगळं जोरात सुरू झालं. "बाबा, आपल्याकडे नऊ जण राहतात," असं सई आठवडाभर म्हणत होती. मग सामंतांनी मशीनला बॅटरी जोडली आणि विस्मरणाचा रोग बरा केला.

दुसरी भानगड शेजारच्या मानसिंग जगदाळ्यांनी दाखवून दिली. जगदाळे मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडींच्या टोळीचे मुकादम. पहाटे चारला जायचे आणि दुपारी बाराला घरी यायचे. आकडा तेव्हा घराबाहेर, नावाच्या पाटीवर बसवलेला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुक वाटावं म्हणून. जगदाळे जिन्यात थांबून त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"सामंतसाहेब, ह्यो शून्य आला म्हंजे घरात कोन न्हाय?"

"बरोब्बर."

"मंग चोराला आता बेल वाजवून बघायची बी गरज न्हाय. झ्याक सोय केलीत."

त्याच संध्याकाळी आकडा घरात आला आणि टीव्हीच्या वर बसला. सामंतांनी नवा नियमही काढला. दारात घोटाळायचं नाही. एक पाय आत, एक पाय बाहेर असं उभं राहून गप्पा मारायच्या नाहीत. आत या, नाहीतर बाहेर थांबा. पाहुणे निघाल्यावर अर्धा तास उंबऱ्यात उभं राहून बोलायची सुचित्राची सवय मोडायला त्यांना गणपती ते दसरा लागले.

तर अशा या शहाण्या मशीनने आता घरात एक जण जास्त दाखवला होता. दुसऱ्या दिवशी सुचित्रा आणि सईने साडेपाचला कुलूप उघडलं, तर पंखा गरागरा फिरत होता. दिवसभर त्याने रिकाम्या घराला वारा घातला होता.

"ते शून्यावर आणायचं बटण आहे ना, ते दाबा नि मोकळे व्हा," जेवताना सुचित्रा म्हणाली.

सामंतांचा घास हातातच राहिला. "खाडाखोड करू? नोंद जुळल्याशिवाय खोडायची नसते. कोणीतरी आत आलं, त्याशिवाय आकडा चढणार नाही."

"आलं तर गेलं कुठे? गॅलरीला तुम्ही ग्रिल लावलंय, त्यातून मांजर जात नाही."

"तेच शोधायचंय."

रविवारी सामंतांनी मशीन उघडलं. सेन्सर स्पिरिटने पुसले, तारा ओढून पाहिल्या, दोन आय.सी. बदलले. मग दारातून आत जा, बाहेर ये, असे त्यांनी मोजून चाळीस फेरे घातले. सरळ चालत गेले, तिरके गेले, पिशवी घेऊन गेले, छत्री उघडून गेले. दर फेऱ्याला आकडा अगदी इमानदारीत चढला आणि उतरला. शेजारच्या दारात जगदाळे आणि त्यांची बायको राजाबाई उभे राहून हे बघत होते.

"भावजी काय करत्यात?" राजाबाईंनी हळूच विचारलं.

"नवस असंल," जगदाळे म्हणाले. "फेरं मोजत्यात न्हवं?"

सामंत घामाघूम होऊन सोफ्यावर बसले. मशीनमध्ये खोट नव्हती. मशीनमध्ये नाही म्हणजे माणसात होती. आता आपल्या घरात दिवसाढवळ्या कोण येऊ शकतं, याचा विचार करता करता त्यांच्या डोळ्यांपुढे एक किल्ली आली, आणि त्यांना पाणी प्यावंसं वाटलं.

घराची दुसरी किल्ली जगदाळ्यांकडे असे. आठ वर्षांपूर्वी दोन्ही कुटुंबं एकाच आठवड्यात राहायला आली, तेव्हा बिल्डिंगमध्ये इतर कोणी नव्हतं, नळाला पाणी नव्हतं आणि काडेपेटी आणायलासुद्धा स्टेशनपर्यंत चालावं लागे. तेव्हापासून ती किल्ली जगदाळ्यांच्या खंडोबाच्या तसबिरीशेजारी खिळ्याला लटकत होती. सामंत गावी असताना सई तापाने फणफणली, तेव्हा याच किल्लीने दार उघडून जगदाळ्यांनी पोरीला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं होतं. असल्या माणसावर संशय घेणं पाप होतं, हे सामंतांना कळत होतं. पण एकोणीस वर्षांची सवय मोठी वाईट. संशयाने एकदा बूड टेकलं की तो चहा घेतल्याशिवाय उठत नाही.

बुधवारी ते ऑफिसातून आले आणि जिन्याच्या वळणावर थबकले. त्यांच्या दारात राजाबाई उभ्या होत्या, हातात वाटी घेऊन.

"आत या ना, राजाबाई," सुचित्रा म्हणत होती.

"नगं बाई. त्ये मशीन मानसं मोजतंय, उगा भावजींच्या कामात खोळंबा. हितनंच घ्या. उंबऱ्यावरनं देऊ नये म्हनत्यात, पर आता काय करायचं." आणि बाहेर उभं राहूनच त्यांनी हात लांब करून वाटी आत दिली. "खर्डा हाय. जपून खावा, तिखाट झालाय."

राजाबाई घरात गेल्यावर सामंत वर आले. निदान एका माणसाला तरी मशीनची किंमत आहे, हे बघून त्यांना बरं वाटलं होतं. मग त्यांनी आकडा पाहिला. पाच.

सामंतांनी पुन्हा माणसं मोजली, तीनच भरली. काल संध्याकाळपर्यंत एक जण जास्त होता, आज दोन. म्हणजे आजही दिवसा कोणीतरी येऊन गेलं. नव्हे, आलं आणि गेलंच नाही. आणि शेजारीण बघा, समोर असताना उंबरासुद्धा ओलांडत नाही. समोर इतकी मर्यादा पाळणारी माणसं मागे काय करत असतील, असा विचार त्यांच्या मनात आला आणि तिथेच रुतून बसला.

पुढच्या सोमवारी आकडा सहा झाला.

"तीन जण," सामंत कुजबुजले. "घरात तीन माणसं जास्त आहेत."

"असतील तर त्यांना म्हणावं, भांडी घासा," सुचित्रा म्हणाली. तिच्यापुढे अजून दोन वर्गांचे पेपर होते. "माझं एक काम होत नाही या पेपरांपायी. राजाबाईंच्या तीन वाट्या येऊन पडल्यात ओट्यावर. काही करायला सवड नाही, आणि रिकामी वाटी परत कशी पाठवायची?"

सामंतांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते मनात किरकोळ रजेचा अर्ज लिहीत होते.

मंगळवारी सकाळी सुचित्रा आणि सई नेहमीच्या वेळी निघाल्या आणि सामंतांच्या सांगण्यावरून बाहेरून कुलूप लावून गेल्या. "जगदाळ्यांवर पाळत ठेवताय तुम्ही," जाताना सुचित्रा म्हणाली. "लाज वाटेल असं काही करू नका." सामंतांनी डबा, पाण्याची बाटली आणि टेस्टर घेतला आणि ते सोफ्याच्या मागे जाऊन बसले. बारापर्यंत काही झालं नाही. बाराला डबा खाल्ला. सोफ्याच्या मागे गेल्या दिवाळीनंतर झाडू पोचलेला नव्हता, त्यामुळे साडेबाराच्या सुमारास त्यांना शिंक आली. ती दाबल्यामुळे दुसरी आली, आणि मग लागोपाठ चार आल्या.

थोड्या वेळाने कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज झाला.

सामंतांच्या अंगावर आनंदाने काटा आला. एकोणीस वर्षांच्या नोकरीत असा रंगेहाथ कोणी सापडला नव्हता. दार उघडलं. जगदाळे पाय न वाजवता आत आले. त्यांच्या हातात पोती उचलायचा लोखंडी हूक होता.

"सापडलात," टेस्टर पुढे धरून सामंत सोफ्यामागून उठले.

"भाईर ये," जगदाळे त्याच वेळी गरजले, आणि हूक वर उचललेला हात तसाच राहिला. "सामंतसाहेब? तुमी?"

"मीच. माझ्याच घरात."

"आवं, मला वाटलं चोर शिरला. कुलूप भाईरनं, पंखा चालू आन् आत कोन तरी शिंकतंय. म्हनलं, बाईंचं घर धुवून न्यायलाय कोन तरी." जगदाळे सुटकेने हसले. "रजा हाय व्हय? मंग कुलूप का?"

इथे सामंत गप्प बसले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण सापडलेल्या माणसाने कारण सांगितलं की त्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची शिस्त होती.

"जगदाळे," ते मस्टरवर बोट ठेवावं तसे म्हणाले, "याआधी तीनदा आला होतात, तेव्हा कोण शिंकत होतं?"

जगदाळ्यांना ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. हातातला हूक त्यांनी सावकाश खाली केला. दाराबाहेर उभ्या असलेल्या राजाबाईंनी तोंडाला पदर लावला होता.

"काय म्हनायचं हाय तुमास्नी?"

"मी काही म्हणत नाही. मशीन म्हणतंय."

"आठ वर्सं झाली ही किल्ली माझ्या देवापाशी हाय," जगदाळे म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे तो जास्तच ऐकू आला. "तुमच्या मशीनपाशी ऱ्हाऊ द्या आता." त्यांनी किल्ली टीपॉयवर ठेवली आणि ते निघून गेले. आकडा एकाने उतरला. त्यांच्या जाण्याची नोंद मशीनने अगदी बरोबर घेतली होती.

त्यानंतर आकडा चढायचा थांबला. एक आठवडा झाला, दोन झाले, रोज संध्याकाळी तो सहावर घट्ट बसलेला. सामंतांच्या दृष्टीने याहून मोठा पुरावा नव्हता.

"पाहिलंस? किल्ली परत आली आणि येणं बंद झालं."

"सगळ्यांचंच येणं बंद झालं," सुचित्रा म्हणाली. या दोन आठवड्यांत तिचं नवऱ्याशी झालेलं हे सगळ्यात लांब बोलणं होतं.

सामंतांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटत नव्हतं. जिन्यात जगदाळे भेटले की भिंतीकडे बघत. मार्केटातून आलेल्या कोवळ्या मेथीची जुडी दाराच्या कडीला अडकवलेली दिसेनाशी झाली. एक दिवस सुचित्रा आपली किल्ली शाळेत विसरली आणि सामंत येईपर्यंत दीड तास जिन्यात बसून राहिली. शेजारच्या दारामागे राजाबाई होत्या, पण ना त्यांनी दार उघडलं ना हिने बेल वाजवली. त्या संध्याकाळी सामंतांना बायको पायरीवर बसलेली दिसली. आपण काहीतरी फार महागाचं फोडलंय, असं त्यांना वाटलं. पण मशीन चुकत नव्हतं, मग करणार काय?

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, दुसरा शनिवार म्हणून सामंत घरीच होते. सुचित्राचे पेपर एकदाचे संपले होते. दुपारी चारला बेल वाजली. बाहेर राजाबाई उभ्या होत्या, उंबऱ्यापासून चांगलं हातभर लांब.

"बाई, माझ्या वाट्या तेवढ्या द्या," त्या खाली बघत म्हणाल्या. "गावाकडनं मानसं यायची हायती." मग थांबून म्हणाल्या, "रिकाम्या चालतील."

सुचित्राला दारात उभं राहवेना. आठ वर्षांत या दोन घरांमध्ये एक वाटी कधी रिकामी गेली नव्हती, की कोणी मागायलाही आलं नव्हतं. रिकाम्या चालतील, म्हणजे आता सगळं संपलं, एवढाच त्याचा अर्थ. ती डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. एका वाटीत तिने सकाळची काळ्या वाटाण्याची आमटी घातली, दुसरीत सईसाठी केलेल्या नारळाच्या वड्या. तिसरीत घालायला काही सापडेना, तेव्हा डबा उघडून साखर भरली. सामंत सोफ्यावर वर्तमानपत्र उघडून बसले होते. त्यांच्याच्याने त्या दाराकडे बघवत नव्हतं, म्हणून ते वर टीव्हीवरच्या आकड्याकडे बघत होते. आकडा सहा होता.

सुचित्राने आत उभं राहूनच हात लांब करून आमटीची वाटी दिली. आकडा पाच झाला.

सामंतांनी वर्तमानपत्र खाली केलं.

तिने वड्यांची वाटी दिली. चार. साखरेची दिली. तीन.

घरात तीन माणसं होती आणि मशीन तीन दाखवत होतं. नोंद जुळली होती. सामंत हळूहळू उठले.

"राजाबाई," ते दारात येऊन म्हणाले, "ती साखरेची वाटी जरा परत द्या."

राजाबाईंनी सुचित्राकडे पाहिलं. सुचित्राने नवऱ्याकडे पाहिलं. राजाबाईंनी घाबरत हात लांब केला, सामंतांनी वाटी घेतली आणि मान वळवून आकडा पाहिला. चार. त्यांनी वाटी बाहेर दिली. तीन. पुन्हा घेतली, पुन्हा दिली.

"अहो, काय चालवलंय काय?" सुचित्रा म्हणाली.

"हात," सामंत पुटपुटले. "हात आत आला की ते माणूस धरतंय. आणि तो हात मागे जाताना मध्ये तुझा हात असतो, त्यामुळे गेल्याचं त्याला कळतच नाही." चाळीस फेरे घातले होते त्यांनी. छत्री उघडून घातले होते. पण शेजारणीने वाटी दिली तर काय होतं, हे तपासायचं त्यांना सुचलं नव्हतं. आणि उंबऱ्याबाहेरून वाटी द्यायची पाळी त्या बाईवर आणली होती कोणी? त्यांच्याच नियमाने.

आवाज ऐकून जगदाळे बाहेर आले. "आता काय झालं?" त्यांनी बायकोला विचारलं. "आता काय म्हनतंय त्ये मशीन?"

"मशीनने तुमच्या वाट्या मोजल्या," सामंत म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी एकोणीस वर्षांत कोणाला म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते जरा अडखळत आलं. "चूक माझी आहे, जगदाळे. मी फार वाईट वागलो."

सामंत आत गेले, कपाटातून किल्ली घेऊन आले आणि उंबऱ्याच्या आत उभं राहूनच त्यांनी हात पुढे केला. जगदाळ्यांनी किल्लीकडे पाहिलं, पण ती घेतली नाही.

"आदी येक सांगा," जगदाळे म्हणाले. "उद्या तुमच्या बंद घरात कोन शिंकलं, तर म्या काय करायचं?"

"दार उघडायचं," सामंत म्हणाले. "आणि हूक घेऊन या."

जगदाळ्यांच्या मिशा हलल्या. पोती धरून धरून रुंद झालेला त्यांचा पंजा पुढे आला आणि किल्लीसकट सामंतांचा हात त्यात गेला. राजाबाई रडत हसत होत्या आणि हसत साखर सांडत होत्या. आकड्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, सुचित्रा आणि सई दिवाळीच्या खरेदीला वाशीला गेल्या. सामंत टीव्हीसमोर मॅच बघत बसले होते. त्या दोघी दाराबाहेर पडल्या आणि टीव्ही बंद झाला. पंखा बंद झाला. दिवाही गेला. सामंतांनी वर पाहिलं. शून्य. मशीनच्या मते घरात कोणीही नव्हतं.

त्यांनी सवयीने स्क्रू-ड्रायव्हर घेतला, स्टूल ओढलं आणि त्यावर चढता चढता ते थांबले. तिघांतून दोघी गेल्या, उरायला हवा एक. तो एक गेला कुठे? त्यांनी आठवून पाहिलं. काल आपला हात किल्ली घेऊन बाहेर गेला. मागे येताना मध्ये जगदाळ्यांचा पंजा होता. म्हणजे मशीनच्या नोंदीप्रमाणे सामंत कालच जगदाळ्यांकडे गेले होते आणि अजून परत आले नव्हते.

भिंतीपलीकडून मॅचचा गलका ऐकू येत होता. कोणीतरी आउट झालं होतं आणि जगदाळे पंचांना साताऱ्याच्या भाषेत समजावत होते. सामंतांनी स्क्रू-ड्रायव्हर जागेवर ठेवला. स्वयंपाकघरात राजाबाईंनी सकाळीच आत येऊन ठेवलेली वाटी होती. ती त्यांनी विसळली, तीत उरलेल्या चार वड्या घातल्या, बाहेर पडून कुलूप लावलं आणि शेजारची बेल वाजवली.

"या, या," जगदाळे सरकून बसत म्हणाले. वाटी राजाबाईंनी घेतली. खंडोबाच्या तसबिरीशेजारी खिळ्याला किल्ली लटकत होती. सामंत पंख्याखाली ऐसपैस टेकले.

दोन चेंडू झाले असतील, नसतील, तोच जगदाळ्यांनी कान टवकारले. भिंतीपलीकडे, सामंतांच्या कुलूपबंद घरात, टीव्हीवर तीच मॅच मोठ्या आवाजात सुरू झालेली होती.

"सामंतसाहेब," त्यांचा हात खिळ्याकडे गेला, "तुमच्या घरात कोन हाय?"

"बसा हो," सामंत टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले. "नऊ जण असतील. स्कोर किती झाला?"